ग्रीसच्या बेटांवर फेरीबोटीने : मोठ्या, सावकाश जहाजाच्या बाजूने

नागपूरच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असते, पण समुद्रातून रोजची ये-जा करण्याची सवय नसते. अंबाझरी आणि फुटाळ्यापलीकडचे पाणी पाहायचे म्हटले की आपण रेल्वेने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठतो, आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच हाच आपल्यापैकी बहुतेकांचा बोटीचा पहिला अनुभव असतो. गेल्या सप्टेंबरात मी, माझे यजमान आणि बहात्तर वर्षांची माझी आई असे तिघे ग्रीसला गेलो. बारा दिवसांत आम्ही सहा वेळा जहाजात चढलो आणि सहा वेळा उतरलो. निघण्यापूर्वी मराठीतून जी माहिती मिळाली ती बहुतेक बेटांविषयी होती. त्या बेटांवर नेणाऱ्या जहाजांविषयी फारच थोडी होती. धरमपेठेतल्या आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी पुढच्या वर्षी जाण्याचे ठरवल्यापासून हेच प्रश्न मला वारंवार विचारले आहेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. दोन प्रकारची जहाजे उपलब्ध असतील तर मोठे, सावकाश जाणारे जहाज निवडावे, कारण ते बेटावरच्या लोकांच्या रोजच्या गरजेसाठी चालते आणि त्यामुळेच ते परक्यालाही सांभाळून घेते.

सायक्लेडीज म्हणजे दीलोस या पवित्र बेटाभोवती वर्तुळाकार पसरलेली बेटे. ग्रीक भाषेतल्या वर्तुळ या शब्दावरूनच हे नाव आले आहे. पारोस, नाक्सोस, सांतोरिनी, मिकोनोस, तिनोस, सिरोस ही सगळी याच समूहातली. तेथे जाणारी बहुसंख्य जहाजे अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटतात, काही राफिना आणि लाव्रिओ या लहान बंदरांतूनही निघतात. पिरेअसला पोहोचणे आता फारच सोपे झाले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेट्रोची निळी मार्गिका पिरेअसपर्यंत वाढवण्यात आली, त्यामुळे विमानतळावरून गाडी न बदलता सुमारे तासाभरात बंदरात उतरता येते. अथेन्सच्या मध्यवस्तीतून येणारी हिरवी मार्गिका त्याहून कितीतरी जुनी आहे. तिचा पहिला टप्पा १८६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे नागपूरला रेल्वे पोहोचल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. या जुन्या गाडीत खिसेकापूंपासून मात्र सावध राहावे. आम्हाला हॉटेलवाल्यांनी आणि डब्यातल्या एका वृद्ध ग्रीक बाईंनी, दोघांनीही, पाठीवरची पिशवी पोटाशी धरायला सांगितले.

बंदर प्रचंड आहे आणि त्याच्या दारांना क्रमांक दिलेले आहेत. पारोस, नाक्सोस आणि सांतोरिनीकडे जाणारे आमचे जहाज सात क्रमांकाच्या दारावरून सुटणार होते आणि ते दार स्थानकासमोरच, रस्ता ओलांडल्यावर आहे. क्रीटची आणि त्याहून दूरच्या दोदेकानीज बेटांची जहाजे मात्र बंदराच्या पलीकडच्या बाजूने निघतात. सामान घेऊन ते अंतर चालणे ज्येष्ठांना झेपणार नाही, बंदरातली मोफत बस घ्यावी. तिकिटावर दाराचा क्रमांक नीट वाचावा आणि आदल्या दिवशी तो बदलला नाही ना याची खात्री करावी. सकाळी साडेसातच्या सुमारास जहाज सुटते, त्यामुळे आदली रात्र आम्ही पिरेअसमध्येच काढली आणि तो निर्णय योग्य ठरला.

पहिले जहाज ब्लू स्टार फेरीज या कंपनीचे होते. मागच्या बाजूचा अजस्र लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकवलेला असतो आणि त्यावरून ट्रक, मोटारी, स्कूटर आणि माणसे एकाच वेळी आत शिरत असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या गोंगाटाची धडकी भरते. आईचा हात घट्ट धरून मी टोमॅटोच्या क्रेटने भरलेल्या ट्रकच्या कडेकडेने चालत होते, तेवढ्यात नारिंगी जाकीट घातलेला एक खलाशी पुढे आला, त्याने काही न विचारता आईची बॅग उचलली आणि "पामे, पामे" म्हणजे "चला, चला" असे म्हणत वाट करून दिली. आत भिंतीलगत सामानाचे लोखंडी मांडव असतात आणि प्रत्येकावर बेटाचे नाव लिहिलेले असते. आपण ज्या बेटावर उतरणार त्याच मांडवात बॅग ठेवावी लागते. पाट्या ठळक ग्रीक अक्षरांत होत्या, खालची बारीक इंग्रजी अक्षरे ट्रकच्या आड गेली होती. पारोसचे पहिले अक्षर दाराच्या चौकटीसारखे दिसते, दोन उभे खांब आणि वर आडवी तुळई. ते तिकिटावर पाहून ठेवलेल्या आईने आमच्या आधी योग्य मांडव शोधून काढला. तेथून सरकत्या जिन्याने थेट वरच्या दालनात जाता येते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा सरकता जिना ही या मोठ्या जहाजांची सर्वांत मोलाची सोय आहे. लहान आणि वेगवान बोटींमध्ये अरुंद, खड्या पायऱ्याच चढाव्या लागल्या.

सर्वांत स्वस्त तिकिटाला ठरलेले आसन नसते. डेकवरचे बाक, कॉफीच्या दुकानासमोरची टेबले, कोपऱ्यातले सोफे यांपैकी जे रिकामे असेल तेथे बसावे, म्हणून तासभर आधी जाणे हिताचे. थोडे अधिक पैसे दिले की विमानासारखी क्रमांकाची खुर्ची मिळते, आणि लांबच्या प्रवासाला झोपण्याची केबिनही घेता येते. आईसाठी आम्ही क्रमांकाची खुर्ची घेतली होती, पण पिरेअस मागे पडल्यावर ती आपणहून डेकवर येऊन बसली आणि पारोस येईपर्यंत आत गेली नाही. आतल्या दालनांत वातानुकूलन इतके थंड असते की ऐन सप्टेंबरातही शाल लागते. स्वच्छतागृहे प्रवासाच्या अखेरपर्यंत स्वच्छ होती, हे मुद्दाम नमूद करते, कारण दोन हजारांच्या घरात प्रवासी घेऊ शकणाऱ्या वाहनात ही साधी गोष्ट नाही.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. पालक भरलेली स्पानाकोपिता आणि चीज भरलेली तिरोपिता सगळीकडे मिळते. पापुद्रे सुटलेले हे गरम पदार्थ आईलाही आवडले, मात्र अंडे वर्ज्य असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. जहाजावरचे दर बेटावरच्या बेकरीपेक्षा जास्त आहेत. आम्ही पिरेअसहून न्याहारी बांधून घेतली होती आणि सोबत घरच्या तिखटमिठाच्या पुऱ्या व चिवडा होताच. डेकवर डबा उघडून खाणारे आम्ही एकटे नव्हतो, आजूबाजूची ग्रीक कुटुंबेही तेच करत होती. तेथे सगळ्यांच्या हातात फेसाळ थंड कॉफीचे उंच पेले दिसतात. फ्रापे नावाची ही कॉफी १९५७ मध्ये थेसालोनिकीच्या प्रदर्शनात प्रथम तयार झाली. चार तास एकच पेला पुरवण्याची कला त्या लोकांना साधलेली आहे.

पारोसपर्यंतचा हा प्रवास चार तासांहून थोडा अधिक वेळ घेतो. डेकवरून बेटे एकामागून एक जवळ येतात, रंग बदलतात आणि मागे जातात. बंदर जवळ आले की घोषणा होते आणि उतरणारे लोक खाली गाड्यांच्या तळमजल्यावर जमतात. जहाज बंदरात आल्यावर पूर्ण वळते, नांगर टाकते आणि पाठीकडून धक्क्याला लागते. दरवाजा पूर्ण टेकायच्या आधीच धक्क्यावरचा माणूस दोर पकडून उभा असतो. मग जेमतेम काही मिनिटांत शेकडो माणसे आणि वाहने उतरतात, तितकीच चढतात आणि जहाज निघते. आमच्यासारख्यांनी घोषणा होताच खाली जावे. रेल्वे दोन मिनिटे थांबणाऱ्या स्थानकावर आपण जसे आधीच दारात येतो तसेच येथे वागावे.

पारोसहून नाक्सोसला आम्ही मुद्दाम वेगवान बोटीने गेलो, कारण तुलना करायची होती. तिकीट बरेच महाग होते आणि एवढ्या जवळच्या टप्प्यात वाचला तो वेळ पंधरा-वीस मिनिटांचा. तिच्यात बाहेर बसण्यासाठी डेकच नव्हता. खिडक्यांच्या काचांवर वाळलेल्या मिठाचा थर होता, त्यातून समुद्र दिसत नव्हता, आणि लाटांवरून बोट अशी आपटत होती की समोरच्या रांगेतली दोन मुले ओकली. लांबच्या टप्प्यांवर, उदाहरणार्थ पिरेअस ते सांतोरिनी, वेळेचा फरक दोन-तीन तासांचा पडतो आणि ज्यांच्याकडे मोजकेच दिवस आहेत त्यांना तो मोलाचा वाटू शकेल, हे मान्य करते. तरीही ज्यांना विमानात किंवा घाटात मळमळते त्यांनी या बोटींच्या वाटेला जाऊ नये, आणि मोठ्या जहाजावरही निघण्यापूर्वी ॲव्होमिनची गोळी घ्यावी.

नाक्सोस बंदरात शिरताना डाव्या-उजव्या बाजूचा विचार न करता पुढे डेकवर उभे राहावे. बेटाला बांधाने जोडलेल्या एका लहानशा टेकाडावर संगमरवरी दाराची नुसती चौकट उभी आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात बांधायला घेतलेल्या आणि अपुऱ्याच राहिलेल्या मंदिराचे हे दार, पोर्तारा. वेगवान बोटीच्या मळक्या काचेतून ते मला नीट दिसले नाही, याची रुखरुख लागली. दोन दिवसांनी छोट्या बोटीच्या उघड्या डेकवरून पाहिले तेव्हा आई म्हणाली, "अगं, हे तर त्या पाटीवरचंच अक्षर."

ती छोटी बोट, एक्स्प्रेस स्कोपेलितिस, हा या सगळ्या प्रवासातला मला सर्वांत जवळचा वाटलेला भाग आहे. ती दुपारी नाक्सोसहून निघते आणि इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी अशी अगदी लहान बेटे घेत अमोर्गोसपर्यंत जाते. यांपैकी काही बेटांवर वस्ती जेमतेम शंभर-दोनशे माणसांची. असे मार्ग धंदा म्हणून परवडत नाहीत, सरकार त्यांना अनुदान देते, आणि ग्रीक लोक त्यांना आगोनी ग्रामी म्हणतात. आगोनी म्हणजे जमीन नापीक असते तशी. ज्या वाटेवर पीक येत नाही ती वाट. ज्याने भामरागड किंवा सिरोंच्याकडे जाणाऱ्या एसटीत कधी प्रवास केला आहे त्याला या बोटीचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्यासोबत त्या दिवशी एक धुलाईयंत्र, औषधांची खोकी, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, लिंबाचे एक रोप आणि शाळेची एक शिक्षिका होती. इराक्लियाच्या धक्क्यावर बोट लागली तेव्हा ते धुलाईयंत्र घ्यायला अख्खे कुटुंब आले होते. आजीने आधी खोक्याभोवती फिरून कुठे पोचा पडला आहे का ते तपासले, मगच मुलांना हात लावू दिला. पाच-सात मिनिटांचा हा थांबा. बोट खूप हलते. आई पूर्ण वेळ मधल्या बाकावर, नजर क्षितिजावर ठेवून बसली होती आणि तिला त्रास झाला नाही. परतीची बोट सकाळची असते, त्यामुळे कूफोनिसीला एक रात्र राहावे लागते, आणि तशी राहण्याची तयारी असेल तरच हा फेरा करावा.

आता वाऱ्याविषयी. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा, जोरदार वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊन लख्ख असते आणि तरीही समुद्र पांढरा झालेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक, सप्टेंबरातही तो अधूनमधून उठतो. वाऱ्याचे मोजमाप तेथे बोफर्टमध्ये करतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वारा गेला की तटरक्षक दलाच्या बंदर कार्यालयाकडून जहाजांना निघण्यास मनाई होते. साधारणपणे वेगवान बोटी सहा-सात बोफर्टला थांबतात, मोठी जहाजे आठपर्यंत चालतात. या बंदीमागे कटू अनुभव आहे. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री अशाच वाऱ्यात एक्स्प्रेस सामिना हे जहाज पारोसच्या बंदराजवळ पोर्तेस नावाच्या खडकांवर आदळले, आतली पाणी अडवणारी दारे उघडी राहिल्यामुळे ते पाऊण-एक तासात बुडाले आणि सुमारे ऐंशी माणसे गेली. पारोसचे मच्छीमार त्या समुद्रात आपल्या होड्या घेऊन गेले म्हणून उरलेल्यांपैकी कितीतरी वाचले. पारोसला जाताना ते खडक दिसतात. बंदी आली म्हणून धक्क्यावर चिडणारे प्रवासी मी पाहिले. त्यांनी त्या खडकांकडे एकदा पाहावे असे मनापासून वाटले.

आमची तक्रार आहे ती वाऱ्याविषयी नाही, एका कंपनीच्या वागणुकीविषयी आहे. नाक्सोसहून सांतोरिनीला जाण्यासाठी आम्ही सकाळच्या एका वेगवान बोटीचे तिकीट घेतले होते. आदल्या रात्री साडेअकराला भ्रमणध्वनीवर फक्त ग्रीक भाषेतला एक संदेश आला. हॉटेलच्या मालकीणबाईंनी तो वाचून फेरी रद्द झाल्याचे सांगितले. सकाळी कंपनीची खिडकी बंद होती, दूरध्वनी कोणी उचलत नव्हते, आणि दहा वाजता आलेल्या कर्मचाऱ्याने पैसे परत न करता पुढच्या वर्षी वापरण्याचे कूपन पुढे केले. येथे प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असावी अशी एक गोष्ट आहे. युरोपीय संघाच्या ११७७/२०१० या नियमानुसार फेरी रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल तर प्रवाशाला दुसऱ्या जहाजाने नेणे किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे परत घेणे, यांपैकी निवड करण्याचा हक्क आहे, आणि परतावा सात दिवसांत द्यायचा असतो. कूपन घेणे बंधनकारक नाही. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर वेगळी नुकसानभरपाई किंवा हॉटेलचा खर्च मात्र मागता येत नाही. हे मी शांतपणे सांगितल्यावर अर्ज स्वीकारला गेला, पण पैसे खात्यात यायला पाच आठवडे आणि तीन स्मरणपत्रे लागली. परतावा मिळाला नसता तरी चालले असते, परंतु अनोळखी बंदरात वृद्ध माणसाला घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशाशी दोन शब्द बोलायलाही कोणी नसावे, याचे दुःख झाले.

धक्क्यासमोरच्या एका छोट्या तिकीट कचेरीतल्या बाईंनी आमची अडचण पाच मिनिटांत सोडवली. पिरेअसहून येणारे मोठे जहाज दुपारी नाक्सोसला लागणार होते आणि त्या वाऱ्यातही चालू होते. बाईंनी तिकिटे काढून दिली, आईला खुर्ची दिली, पाणी दिले. मोठे जहाजही त्या दिवशी डोलले, पण लांब, संथ हेलकाव्यांनी. टेबलावरचे पेले जागचे हलले नाहीत. दोन तासांच्या आसपास वेळ लागला. तिकिटे संकेतस्थळावर घेणे सोयीचे असते आणि आम्हीही ती फेरीहॉपरवर घेतली होती, परंतु अडचणीच्या वेळी बंदरावरच्या या लहान कचेऱ्याच कामाला येतात. नावे पारपत्राप्रमाणे तंतोतंत लिहावीत, कारण प्रवाशांची यादी बंदरात द्यावी लागते.

सांतोरिनीला जहाज पोहोचते तो क्षण खरोखरच विलक्षण आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटाने खचलेल्या विवरात समुद्र शिरलेला आहे आणि जहाज त्या विवरातूनच जाते. दोन्ही बाजूंना काळे-तांबडे कडे आणि त्यांच्या माथ्यावर बर्फ साठल्यासारखी पांढरी गावे. डेकवरची सगळी माणसे गप्प झाली होती. उतरल्यावर मात्र अथिनिओस बंदराची अरुंद जागा, एकाच वेळी आलेली दोन-तीन जहाजे, टॅक्सीवाल्यांची ओरड आणि कड्यावर चढणारा नागमोडी रस्ता यांमुळे जीव मेटाकुटीला येतो. फिरा या बेटावरच्या मुख्य गावाला जाणारी सरकारी दरातली बस जहाजाच्या वेळेला उभी असते, ती स्वस्त आहे, पण भरली की निघते. वृद्ध सोबत असतील तर हॉटेलकडून गाडी आधीच ठरवून ठेवावी.

त्या रात्री फिरामध्ये आईच्या ताटात फावा आला, पिवळ्या डाळीचा घट्ट लगदा, वर ऑलिव्ह तेल आणि चिरलेला कांदा. एक घास घेऊन ती म्हणाली, "ही तर आपली लाखोळी." ती फार चुकली नव्हती. सांतोरिनीचा फावा ज्या शेंगेपासून होतो ती आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत पेरली जाणारी लाखोळी एकाच वनस्पतिकुळातल्या, सख्ख्या चुलत बहिणी आहेत.

परतीचा प्रवास पुन्हा मोठ्या जहाजानेच केला. दुपारी साडेतीनच्या सुमारास निघालेले जहाज मध्यरात्रीच्या थोडे आधी पिरेअसला लागले. त्या वेळी मेट्रो मिळेलच असे धरून चालू नये, म्हणून बंदरालगतच खोली घेतली होती. विमान तिसऱ्या दिवशीचे होते. बेटावरून परतणे आणि विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, हे आम्ही तेथल्याच लोकांकडून शिकलो. आम्हाला तो दिवस वाऱ्यासाठी लागला नाही. आईने तो पिरेअसच्या धक्क्यावर, सात क्रमांकाच्या दारासमोरच्या बाकावर बसून काढला आणि दर जहाजाच्या पाठीवरचे नाव अक्षर लावून लावून वाचत राहिली.